ग्रामपंचायतीत काय ठरतंय, ते गावाला आधी कळावं म्हणून

पाणीपट्टी वाढली हे गावाला कळतं कधी? शिपाई बिल घेऊन दारात उभा राहतो तेव्हा. ठराव कित्येक महिन्यांपूर्वीच झालेला असतो, तोही रीतसर, सूचक-अनुमोदकाच्या नावासकट. मग पानठेल्यावर दोन दिवस गरमागरम चर्चा होते, सरपंचाचा उद्धार होतो, आणि बिल निमूट भरलं जातं.

हा लेख हे चित्र बदलू पाहणाऱ्या नव्या माणसासाठी आहे. तुम्ही कॉलेज संपवून गावी परतलेले असाल, बदलीवर आलेले गुरुजी असाल, बचत गटाच्या ताई असाल किंवा गावात नव्यानं नांदायला आलेली सून असाल. या कामाला कुठलंही पद लागत नाही, एक वही पुरते. सभा झाल्यावर बातमी देणारे गावात पुष्कळ असतात. विषय सभेपुढे येण्याआधी सांगणारं कोणी नसतं. ती जागा तुम्हाला भरायची आहे.

आपलं गाव कुठं मोडतं?

हे आधी पक्कं करा, कारण पुढचं सगळं त्यावर अवलंबून आहे. गावाला स्वतंत्र ग्रामपंचायत असेल तर काम सोपं. दोन-चार गावं मिळून गट ग्रामपंचायत असेल तर ऑफिस एका गावात असतं, नोटीस त्याच गावच्या फलकावर लागते, आणि बाकीच्या गावांना सभा होऊन गेल्यावर पत्ता लागतो. तुमचं गाव या 'बाकीच्यां'पैकी असेल तर तुमची गरज सगळ्यात जास्त. ऑफिसच्या गावातला एक माणूस जोडून ठेवा, जो फलकावर नवा कागद दिसला की लगेच फोटो पाठवील.

गाव तालुक्याचं ठिकाण असेल तर तिथं आता बहुधा नगरपंचायत असेल. मारेगाव, धारणी, कुरखेडा, कोरची अशी कितीतरी गावं ग्रामपंचायतीतून नगरपंचायतीत गेली. त्यांच्याबद्दल शेवटाकडे लिहिलं आहे.

तिसरा प्रकार पेसाचा. गडचिरोलीचा मोठा भाग, मेळघाट, आणि यवतमाळ-चंद्रपूरमधली काही गावं अनुसूचित क्षेत्रात येतात. तिथं १९९६ चा केंद्राचा पेसा कायदा (आदिवासी भागातल्या ग्रामसभांना जास्तीचे अधिकार देणारा) आणि राज्याचे २०१४ चे नियम लागू आहेत. एखाद्या टोल्याची, पाड्याची स्वतःची ग्रामसभा तिथं असू शकते. २०१५ पासून आदिवासी उपयोजनेतला ५ टक्के अबंध निधी पेसा ग्रामपंचायतींना थेट मिळू लागला. तो कशावर लावायचा हे ग्रामसभेनं ठरवायचं असतं. तिथं माहिती पोचवणं म्हणजे पैशाचा हिशेब पोचवणं आहे, हे लक्षात असू द्या.

सभा कोणत्या आणि कधी

दोन सभांची लोक गल्लत करतात. मासिक सभा ही निवडून आलेल्या सदस्यांची. ती दर महिन्याला व्हायला हवी. ग्रामसभा ही गावच्या मतदार यादीत नाव असलेल्या प्रत्येकाची. महाराष्ट्र ग्रामपंचायत अधिनियम १९५८ प्रमाणे ग्रामसभा वर्षाला किमान ४ व्हायला हव्यात. २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट आणि २ ऑक्टोबर या तारखा गावोगावी रूढ झाल्या आहेत. नियमित ग्रामसभेची नोटीस ७ दिवस आधी निघायला हवी. म्हणजे तुमच्या हातात एक आठवडा असतो. सगळं काम त्या आठवड्यातलं.

आता या तारखा आपल्या विदर्भातल्या शेतीशी ताडून पाहा. २ ऑक्टोबरला सोयाबीनची सवंगणी ऐन रंगात असते, मजूर मिळत नाही, वरून परतीच्या पावसाची धास्ती. १ मे रोजी ऊन ४४-४५ अंशांवर, आणि गडचिरोली-गोंदियाकडे तेंदूपत्त्याचे दिवस. माणसं पहाटेच जंगलात गेलेली असतात. धानपट्ट्यात रोवणी लांबली तर ऑगस्टमध्येही बाया बांधीत असतात. सकाळी ११ ची वेळ ठेवली की त्या सभेला कोण येणार, हे नोटीस काढणाऱ्यालाही माहीत असतं. म्हणून नोटीस हाती पडताच पहिली मागणी वेळेची करा. सभा सकाळी ८ ला किंवा संध्याकाळी घ्या, असं चार-पाच जणांच्या सहीचं साधं पत्र सरपंचांच्या नावे द्या. बहुतेक वेळा ते ऐकलं जातं, कारण गर्दी झालेली सरपंचालाही हवीच असते. नको असली तर तेही या पत्रावरून कळतं.

नियमित ग्रामसभेआधी महिलांची सभा घ्यायची असते. पुष्कळ ठिकाणी ती कागदावरच होते. ती खरोखर व्हावी यासाठी बचत गटाच्या अध्यक्षांना नोटिशीची प्रत आधीच द्या.

नोटीस वाचायला शिका

इथं जरा जास्त थांबतो, कारण नव्या माणसाचं घोडं इथंच अडतं. नोटिशीतले विषय दरवेळी सारख्याच भाषेत लिहिलेले असतात. ती भाषा इतकी गुळगुळीत असते की वाचूनही काही हाती लागत नाही.

'मागील सभेचे इतिवृत्त वाचून कायम करणे' हा जवळजवळ नेहमी पहिला विषय. लोक याला उपचार समजतात आणि त्यानंतरच मंडपात येतात. मागच्या सभेत जे बोललं गेलं आणि जे लिहिलं गेलं त्यात फरक असेल, तर तो दाखवण्याची हीच वेळ. इतिवृत्त कायम झालं की त्यावर बोलणं अवघड जातं. म्हणून गावाला सांगताना 'पहिल्या विषयाला हजर राहा' हे ठळक लिहा.

'जमाखर्चास मंजुरी देणे' म्हणजे किती आले, किती गेले. आकडे नोटिशीत नसतात, ते ऑफिसात विचारावे लागतात.

'आलेल्या अर्जांवर विचार करणे' यात जागेची मागणी, अतिक्रमण, नवी नळजोडणी, दुकानासाठी ना-हरकत, असं काहीही असू शकतं. अर्ज कोणकोणते, ते आधी विचारा.

'लाभार्थी निवड करणे' या शब्दांखाली घरकुल, गोठा, विहीर यांच्या याद्या येतात. या विषयाला गर्दी आपोआप होते, तुम्हाला फार कष्ट नाहीत. यादीतला क्रम कशावरून ठरला, एवढं मात्र आधीच कागदावर मागून ठेवा.

आणि शेवटचा, सगळ्यात लबाड विषय: 'अध्यक्षांच्या परवानगीने येणारे आयत्या वेळचे विषय'. निम्मे लोक उठून गेल्यावर इथं काहीतरी मंजूर होतं. तातडीचं काम खरोखर निघतं, त्यामुळे हा विषयच वाईट असं नाही. पण कर, जागा आणि मोठा खर्च या ३ गोष्टी आयत्या वेळी येऊ नयेत, त्या पुढच्या सभेच्या नोटिशीत घ्याव्यात, असा आग्रह गावानं धरावा. शेवटपर्यंत बसणारे दहा जण आधीच ठरवून ठेवा. माझ्या मते या कामातली ही सर्वांत उपयोगी तयारी आहे, आणि तिला एक पैसाही लागत नाही.

सभेआधीचा कागद

नोटीस जशीच्या तशी फिरवून उपयोग नाही. एका पानात, मोठ्या अक्षरात, घरात बोलतो तशा भाषेत लिहा. समजा, नोटिशीत 'पाणीपट्टी दरात सुधारणा करणे' असा विषय आहे. ऑफिसात विचारून घ्या आणि असं लिहा:

'ग्रामसभा शनिवारी सकाळी ८ वाजता, शाळेच्या पटांगणात. विषय ४: नळाची पाणीपट्टी महिन्याला ६० रुपयांवरून १०० रुपये करायचा प्रस्ताव आहे. ग्रामपंचायतीचं म्हणणं: मोटारीचं वीजबिल वसुलीतून भागत नाही. विचारायचे प्रश्न: वर्षाचं वीजबिल किती? थकबाकी किती, आणि ती वसूल करायला काय केलं? उन्हाळ्यात एक दिवसाआड पाणी आलं तरी पट्टी तेवढीच का?'

यात ग्रामपंचायतीची बाजू लिहिली आहे, ती मुद्दाम. ती गाळली की तुम्ही विरोधी गटाचे ठरता आणि पुढचा कागद कोणी वाचत नाही. तुमचं मत या कागदावर लिहू नका. मत सभेत उभं राहून मांडा, तो तुमचा हक्क आहे.

याच पानावर गणपूर्तीचा आकडाही टाका. ग्रामसभेला एकूण मतदारांच्या १५ टक्के किंवा १००, यातली जी संख्या कमी असेल तेवढी माणसं लागतात. ६०० मतदारांच्या गावात ९० लागतील, २,००० च्या गावात १०० पुरतील. एवढी माणसं नसली तर सभा तहकूब होते. तहकूब सभेला गणपूर्तीची अट राहत नाही, विषय मात्र तेच घ्यावे लागतात. 'आपण गेलोच नाही तर सभाच होणार नाही' असं समजणाऱ्यांना हे नीट सांगा. न गेल्यानं सभा थांबत नाही, ती थोडक्या लोकांत उरकते. हजेरीचं रजिस्टर मागाहून घरोघर फिरवून सह्या-अंगठे घेण्याची चालही काही गावांत आहे. सभेला न गेलेल्या माणसानं त्यावर सही करू नये, हे घरच्या म्हाताऱ्या माणसांपर्यंत पोचवा.

पोचवायचं कुठं

व्हॉट्सअॅप ग्रुप सगळ्यांना आधी सुचतो. तो करा, पण फक्त तुम्हीच लिहू शकाल अशी सेटिंग ठेवा, नाहीतर दुसऱ्या दिवशी सुप्रभातच्या फुलांत नोटीस सापडायची नाही. शिवाय त्या ग्रुपवर गावचं गाव नसतंच. घरात मोबाइल एक, तोही पोराकडे किंवा कर्त्या पुरुषाकडे. जंगलपट्ट्यात तर रेंजच नाही.

चौकातला फळा अजूनही चांगला चालतो. पिठाची गिरणी, रेशन दुकान, एसटीचा थांबा, दूध संकलनाची जागा, जिथं माणसाला पाच मिनिटं उभं राहावंच लागतं तिथं कागद लावा. आठवडी बाजाराच्या आदल्या दिवशी लावलेला कागद जास्त वाचला जातो, कारण बाजाराच्या दिवशी रानातले सगळे गावात असतात. गावात गुरुदेव सेवा मंडळ असेल तर सामुदायिक प्रार्थनेनंतर दोन मिनिटं मागून घ्या. प्रार्थनेला दोन्ही गटांची माणसं येतात, आणि तिथं सांगितलेल्या गोष्टीला आपसूक वजन येतं. दवंडी ग्रामपंचायतीनं द्यायचीच असते. ती कोणत्या वॉर्डापर्यंत गेली, हे शिपाईभाऊंना आपुलकीनं विचारत राहा. शेवटचा वॉर्ड बऱ्याचदा राहून जातो, आणि तो कोणाचा असतो हे वेगळं सांगायला नको.

बायांपर्यंत पोचायला बचत गटाच्या मासिक बैठकीइतकी चांगली जागा नाही. तिथं कागद वाचून दाखवा आणि प्रश्न त्यांच्याकडूनच येऊ द्या. पाण्याचे, नालीचे, दारूचे खरे प्रश्न तिथंच निघतात. मेळघाटात कोरकू, गडचिरोलीत गोंडी किंवा माडिया बोलणाऱ्या गावात मराठी कागद अर्धाच पोचतो. तिथं त्या भाषेत सांगणारा माणूस आधी शोधा, कागद नंतर काढा.

गडचिरोलीच्या धानोरा तालुक्यातल्या मेंढा (लेखा) गावाचं उदाहरण इथं द्यायलाच हवं. 'दिल्ली-मुंबईत आमचं सरकार, आमच्या गावात आम्हीच सरकार' ही घोषणा त्या गावची. २००९ मध्ये या गावाला सामूहिक वनहक्क मिळाला आणि २०११ मध्ये बांबूच्या वाहतूक परवान्याचा अधिकार ग्रामसभेच्या हाती आला. बाहेरून पाहणारा बांबूच्या पैशाकडे पाहतो. मला तिथला अभ्यास गट जास्त महत्त्वाचा वाटतो. निर्णय ग्रामसभाच घेते, तोही सर्वसहमतीनं, पण विषयाची चर्चा, माहिती काढणं, जाणकाराला विचारणं हे अभ्यास गटात आधीच झालेलं असतं. तिथं कुठलाही निर्णय होत नाही, म्हणून कोणी हट्टालाही पेटत नाही. तुमच्या गावात दहा माणसांचा असा गट सभेच्या दोन दिवस आधी ओट्यावर बसला, तरी सभेचा नूर पालटेल.

सभेत काय टिपायचं

विषय क्रमांक, सूचक, अनुमोदक, काय ठरलं, किती रुपये, कोण करणार, कधीपर्यंत. भांडण टिपू नका. कोण कोणाला काय बोललं ते गावाला तुमच्या आधीच कळलेलं असतं. हजर माणसांचा आकडा मात्र स्वतः मोजून लिहा.

तुम्हाला स्वतःचा एखादा विषय मांडायचा असेल तर तो सभेत उभं राहून पहिल्यांदा काढू नका. नोटीस निघण्याआधी लेखी अर्ज द्या आणि पोच घ्या. दुसऱ्या प्रतीवर तारीख, सही, शिक्का. पोच नसलेला अर्ज दिलाच नव्हता असं धरून चाला.

ठराव हातात घ्या

सभा संपली की दुसऱ्या दिवशी 'असं ठरलं' म्हणून फिरवायची घाई होते. थोडं थांबा. प्रोसिडिंग, म्हणजे इतिवृत्त, लिहून झालं की ऑफिसात जा. 'साहेब, परवाच्या सभेचं प्रोसिडिंग पाहायचं होतं जी' एवढं शांतपणे म्हटलं तर बहुतेक ग्रामसेवक दाखवतात. २०२४ पासून या पदाचं नाव ग्रामपंचायत अधिकारी झालं आहे, गावात अजून सगळे ग्रामसेवकच म्हणतात. एकेका माणसाकडे दोन-दोन गावांचा कारभार असतो, म्हणून त्यांचा वार कोणता ते विचारून जा. उगाच 'ऑफिसला कुलूप' असा फोटो ग्रुपवर टाकू नका. तो एकदा टाकला की पुढचं वर्षभर कागद मिळायला त्रास होतो.

दाखवलंच नाही तर माहितीचा अधिकार कायदा २००५ आहे. साध्या कागदावर अर्ज, १० रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प. दारिद्र्यरेषेखालच्या माणसाला फी नाही. महाराष्ट्रात एका अर्जात एकच विषय आणि १५० शब्दांची मर्यादा आहे, त्यामुळे 'गेल्या पाच वर्षांतली सगळी माहिती द्या' असला अर्ज करू नका. 'अमुक तारखेच्या ग्रामसभेच्या इतिवृत्ताची प्रत' एवढंच मागा. प्रतीला पानामागे २ रुपये. ३० दिवसांत उत्तर आलं नाही तर पंचायत समितीत पहिलं अपील करा. त्यानंतरचं अपील राज्य माहिती आयोगाच्या नागपूर किंवा अमरावती खंडपीठाकडे जातं. गावात हा अर्ज म्हणजे वैर धरणं समजलं जातं, म्हणून तोंडी विचारणं आणि साधं पत्र या दोन पायऱ्या आधी चढून घ्या.

पैशाचं काय झालं ते ई-ग्रामस्वराज पोर्टलवर दिसतं. राज्य, जिल्हा, तालुका, ग्रामपंचायत निवडलं की मंजूर आराखडा आणि खर्चाच्या नोंदी निघतात. पंधराव्या वित्त आयोगाच्या २०२१-२६ या काळात बांधील निधी ६० टक्के होता, तो पाणी आणि स्वच्छतेवरच लावायचा होता. 'आयोगाचा एवढा पैसा आला तरी रस्ता काहून झाला नाही?' या प्रश्नाचं अर्धं उत्तर तिथं आहे. ग्रामपंचायतीच्या स्वतःच्या उत्पन्नातून महिला-बालकल्याणावर १० टक्के, मागासवर्गीयांसाठी १५ टक्के आणि दिव्यांगांसाठी ५ टक्के खर्च करायचा असतो. गावात हे फार कमी लोकांना माहीत असतं. जमाखर्चाच्या सभेआधीच्या कागदावर हे तीन आकडे टाकून पाहा, सभेत प्रश्न आपोआप उभे राहतील.

घरकुलाच्या यादीचा फोटो टाकताना आधार क्रमांक, बँक खातं, मोबाइल नंबर झाका. थकबाकीदारांची नावं ग्रुपवर टाकायच्या फंदात पडू नका, त्यातून फक्त भांडणं निघतात. आणि कागदात चूक झाली तर दुरुस्तीही त्याच फळ्यावर, तेवढ्याच मोठ्या अक्षरात.

नगरपंचायत असेल तर

इथं ग्रामसभा नाही. पुष्कळांना हे अजून उमगलेलं नाही. पूर्वीच्या सवयीनं ते १५ ऑगस्टला सभेची वाट पाहतात. निर्णय १७ प्रभागांतून निवडून आलेले नगरसेवक सर्वसाधारण सभेत घेतात, आणि अंमल मुख्याधिकारी करतात. ती सभा तुम्हाला बसून ऐकता येते, मतदान करता येत नाही. म्हणून इथं आपल्या प्रभागाच्या नगरसेवकाला सभेआधी गाठणं हाच मार्ग. विषयपत्रिका त्याच्याकडे आलेली असते. प्रभागातली दहा घरं मिळून त्याच्या ओसरीवर बसा आणि विषय एकेक करून विचारा.

दोन वेळा डोळ्यात तेल घालून सांभाळायच्या. एक अर्थसंकल्पाची, तो फेब्रुवारीअखेर मंजूर व्हायचा असतो, म्हणून मागण्या डिसेंबर-जानेवारीतच द्या. दुसरी कर आकारणीची. नवी आकारणी जाहीर झाली की हरकतींसाठी मुदत असते. ती गेली की वाढलेला कर चार वर्षं मानेवर बसतो. शेवटची तारीख फळ्यावर लाल खडूनं लिहा. ठराव बेकायदा वाटत असेल तर १९६५ च्या नगरपरिषद अधिनियमाच्या कलम ३०८ खाली जिल्हाधिकारी त्याला स्थगिती देऊ शकतात. जिल्हास्तरीय कार्यालयं आणि स्थानिक संस्थांत दर सोमवारी दुपारी ३ ते ५ कागदपत्रं पाहू देण्याचा शासन निर्णय २०१८ मध्ये निघालेला आहे. त्याचं नाव काढलं की खिडकीवरचा सूर बदलतो.

फाईल

काढलेला प्रत्येक कागद, नोटिशीची प्रत आणि ठरावाची प्रत तारखेप्रमाणे एका फाईलला लावा. वर ठराव क्रमांक लिहा. सरपंच बदलतात, ग्रामसेवकाची बदली होते, निवडणूक लांबली तर प्रशासक येतो, आणि 'असा ठराव कधी झालाच नाही' असं ऐकायला मिळतं. फाईल स्वतःच्या घरी ठेवू नका. गावच्या वाचनालयात किंवा शाळेत, गुरुजींच्या परवानगीनं ठेवा, म्हणजे ती कोणालाही उघडता येईल. आणि तुमच्यासोबत कागद लिहिणारी दुसरी एक व्यक्ती, शक्यतो दुसऱ्या वॉर्डातली, पहिल्या दोन-तीन सभांतच तयार करून घ्या.